घरात टाकलेल्या रोपांची पानं कडेनं करपून राहिली, काय करू?

पूर्णाकाठ (दर्यापूर तालुका), 18 मे

राम राम मंडळी. मागच्या मे महिन्यात वाफ्यावर टाकलेलं मिरचीचं बी पार जळून गेलं. हिरवी जाळी बांधली होती, तरी दुपारी मातीला हात लावता येत नव्हता. म्हणून यंदा ठरवलं, रोप घरातच करायचं. आमचं जुनं धाब्याचं घर, मधली खोली बाहेरपेक्षा चांगलीच थंड राहते. 24 एप्रिलला 98 खणांचे सहा ट्रे भरले. तीन मिरचीचे, दोन वांग्याचे, एक भेदऱ्याचा (टमाटे हो, पुण्यात बसून वाचणाऱ्यांसाठी सांगतो). वर एलईडीच्या ट्यूब, खिडकीला कूलर. उगवण एकदम झकास.

पाच-सहा दिवसांपासून मात्र वांग्याच्या पानांची टोकं तपकिरी पडून राहिली. हात लावला की पापडासारखी मोडतात. मग मिरचीचं तेच सुरू झालं. टमाट्याला कमी आहे, पण आहे. काही रोपांच्या शेंड्याची पानं पिवळट दिसतात. खिडकीकडच्या मिरचीच्या ट्रेची पानं वळलीसुद्धा. तालुक्याच्या दुकानात फोटो दाखवला तर तीन पुड्या मिळाल्या, एक बुरशीची, एक किडीची, एक गंधकाची. पहिल्या दोन मारल्या, फरक शून्य. तिसरी अजून फोडली नाही. फोटो टाकतो.

उंटावरचा_शहाणा, 18 मे

फोटोत रोपं कमी अन् कूलरच जास्त दिसून राहिला. घरातली माणसं कुठं झोपतात भाऊ, कोठ्यात?

धानपट्टा (गोंदिया), 18 मे

करपाच आहे हा. आमच्याकडे धानाच्या पऱ्ह्याला असाच येतो. चांगलं बुरशीनाशक बदलून मारा.

भिंगवाला (अकोला), 18 मे

धानपट्टा भाऊ, धानाचा करपा वेगळा, हे वेगळं वाटतं. पूर्णाकाठ, आधी फवारा खाली ठेवा. गंधकाची पुडी तर उघडूच नका. पारा 35 च्या वर असताना गंधक कोवळ्या पानाला भाजून काढतं. मग मूळचा डाग कोणता आणि औषधाचा कोणता हे कोणालाच सांगता येणार नाही.

शेतकी शिकलेल्या माणसाची खोड म्हणा, पण रोप पाहताना मी रोग कोणता हे शेवटी विचारतो. पहिला प्रश्न, पान कुठलं? खालचं की शेंड्याचं? नत्र आणि मॅग्नेशियम झाडाच्या अंगात फिरतात. कमी पडले की झाड ते जुन्या पानातून काढून कोवळ्याला देतं, म्हणून आधी खालचं पान उतरतं. नत्र कमी असेल तर ते पान सगळंच फिकट होतं. मॅग्नेशियम कमी असेल तर शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. लोहाला असं हलता येत नाही. एकदा पानात बसलं की बसलं. म्हणून हिरव्या शिरा आणि पिवळं अंग हेच चित्र शेंड्याच्या पानात दिसलं तर लोह समजायचं. त्यातही गंमत अशी की बहुतेक वेळा लोह मुळाशी असतं. पाणी चुनखडीचं, सामू (पीएच) चढलेला, त्यामुळे मुळाला ते उचलता येत नाही एवढंच.

दुसरा प्रश्न, दुखणं पसरलं कसं? बुरशी किंवा कीड एका कोपऱ्यातून सुरू होते, पानाच्या पोटातही ठिपका पाडते, वांग्यावर एक तर मिरचीवर दुसरी. तुमच्याकडे तीन पिकं, सहा ट्रे, एकाच आठवड्यात, आणि सगळ्यांची कडाच करपलेली. असं सारखं दुखणं सगळ्यांनी मिळून खाल्लेल्या किंवा प्यायलेल्या गोष्टीतून येतं. पान कडेपर्यंत पाणी ओढतं, पाणी उडून जातं, सोबत आलेलं मीठ तिथंच राहतं.

आता सांगा, पाणी कुठलं घालता? ट्रेखाली निथळायला वाट आहे का? कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) धुतलं होतं का? खत किती? आणि खणांच्या काठावर पांढरी पूड दिसते का?

पूर्णाकाठ, 18 मे, रात्री

पांढरी पूड आहे! मला वाटलं बुरशीच आहे, म्हणून तर औषध मारलं. खत एकदाच, 19:19:19, लिटरला चिमूटभर. कोकोपीटची वीट भिजवली, फुगली, तशीच भरली. ट्रे पत्र्याच्या ताटात ठेवलेत, खाली निथळलेलं पाणी रोपं दिवसभरात परत पिऊन घेतात.

पाण्याचं म्हणाल तर नळ चार दिवसांआड येतो, तो पिण्यापुरताच पुरतो. कूलरमध्ये बोअरचं भरतो. आपला खारपाणपट्टा, बोअरच्या पाण्याला साबण फेस धरत नाही. सरळ बोअरचं नको म्हणून मी कूलरच्या टाकीतलं काढून घालतो. ते गारही असतं, गाळही खाली बसलेला असतो.

रोपवाली_काकू (मोर्शी), 19 मे

बाप्पा! कूलरचं पाणी रोपाले?

अरे पोरा, कूलरच्या ताटीवर पांढरं कवच चढलं असंल, पाहाय. नखानं खरड अन् जिभेच्या टोकाले लाव. मग मले सांग गाळ खाली बसला का मीठ वर आलं. कूलर हवा थंड करते ते पाणी उडवून. उडते ते गोडं पाणी, खारं टाकीत रायते. तू वरून पुन्हा खारंच भरतं. महिनाभर टाकी रिकामी केली नसंल त बोअर बरा म्हणायची पाळी.

भिंगवाला, 19 मे

काकूंनी निदान केलं, आता माझं काम फक्त मोजण्याचं. तालुक्यात घरगुती आरओ बसवणारा कोणी असेल तर त्याच्याकडे खिशातलं टीडीएस मीटर असतं, लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते सांगणारं. तासाभरासाठी मागून आणा. नळ, बोअर, कूलरची टाकी आणि ट्रेखालच्या ताटात साचलेलं, चारही मोजा. चौथा आकडा विसरू नका, मुळं त्याच पाण्यात उभी आहेत. रोपांसाठी 500 च्या आत असलेलं पाणी बरं. मिरची आणि वांगी मिठाला टमाट्यापेक्षा नाजूक, म्हणून तुमचा टमाटा अजून तग धरून आहे.

पुण्यातला_वऱ्हाडी, 19 मे

हे वाचून पोटात गोळा आला. आम्ही आरओतून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी बादलीत धरतो आणि बाल्कनीतल्या रोपांना घालतो. बायको म्हणते पर्यावरण. तेही असंच का?

भिंगवाला, 19 मे

तसंच. आरओ गोडं पाणी तुमच्या पेल्यात देतं आणि उरलेल्या पाण्यात सगळं मीठ कोंबतं. मूळ पाणी नदीचं, हलकं असेल तर मोठ्या कुंड्यांना चालून जाईल. तरी मोजून घ्या. खणातल्या रोपाला नकोच, त्याच्या मुळाशी जेमतेम दीड-दोन चमचे कोकोपीट. फरशी पुसा, वहिनींचं पर्यावरणही राहील.

पूर्णाकाठ, 20 मे

मोजलं. नळ 310. बोअर 1900. कूलरची टाकी 5200. ताटातलं पाणी 6000 च्या वर.

काकू, ताटीवरचं खरडून जिभेला लावलं. खारट नंतर, आधी कडू लागलं. आई हसून हसून बेजार.

उंटावरचा_शहाणा, 20 मे

रोपं नाही भाऊ, तू लोणचं घातलं.

रोपवाली_काकू, 20 मे

हसणं पुरे, आता रोपं वाचवा. ताटं आधी काढून फेक. ट्रे दोन विटांवर ठेव, खालून हवा खेळली पायजे. एका ट्रेत दोन-अडीच लिटर कोकोपीट मावते. त्याच्या तिप्पट, म्हणजे सहा-सात लिटर नळाचं पाणी झारीनं दे. एकदम ओतू नोको, अर्ध्या-अर्ध्या तासानं तीन डाव. पहिलं निथळलेलं पाणी चहासारखं लाल येईन, भिऊ नोको, तिसऱ्या डावाले फिकं होते. मग तो ट्रे हलका होईस्तोवर पाण्याले हात लावायचा नाही. माह्या नर्सरीतल्या पोरी बोटानं माती पाहात नाईत, ट्रे उचलून पाहतात. ओला ट्रे किती जड अन् तहानेला किती हलका, हे दोन दिवसांत हाताले कळते.

करपलेली कड काही हिरवी होणार नाही, तिच्याकडं पाहू नोको. शेंड्यातून येणारं नवं पान पाहाय.

अन् पुढच्या साली कोकोपीटची वीट भिजली की गोणपाटात घालून तीन पाण्यांनी धुवायची. नारळाचं सोडणं समुद्राकाठचं, खाऱ्या पाण्यात कुजवलेलं रायते बहुतेक. मीठ विटेतच घरी येते. पाच किलोची वीट फुगून साठ-सत्तर लिटर होते, धुवायले कंटाळा येतो, मले माहीत आहे. पण धुवा.

भिंगवाला, 20 मे

एक पुरवणी. धुताना मिठासोबत खतही वाहून जातं. दोन दिवसांनी 19:19:19 अगदी पातळ, लिटरला एक ग्रॅम, नळाच्या पाण्यातूनच द्या. शेंड्याचा पिवळेपणा आठवड्यात हटला नाही तर चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा लोहाची) हलकी फवारणी करू, आत्ता नको. आणि कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करत जा, कूलरही जास्त टिकेल.

धानपट्टा, 21 मे

माझा करपा चुकला, मान्य. आता माझंच विचारतो, धाग्याला फाटा फोडल्याबद्दल माफी. माझे टमाटे बंद खोलीत आहेत, कूलर चालू, पाणी गोडं आहे. पानाखाली खसखशीएवढे फुगीर दाणे आलेत, पाणी भरल्यासारखे. अंडी समजून ओल्या फडक्यानं पुसले तर पुसले जात नाहीत, पानच फाटलं.

भिंगवाला, 21 मे

अंडी नाहीत, पानाचेच फोड आहेत. मुळं पाणी चढवत राहतात आणि खोलीतली हवा इतकी दमट की पानातून ते उडत नाही, मग पेशी फुगून फुटतात. कूलर लावून दारं बंद केली की हेच होतं. समोरासमोरची खिडकी उघडा, छोटा पंखा रोपांवरून फिरू द्या, पाणी संध्याकाळी न घालता सकाळी घाला. औषध काही नाही, लागतही नाही. टमाट्याला याची खोडच आहे.

दमट खोलीत दुसरी भीती जास्त. रोप जमिनीलगत चिमटा काढल्यासारखं बारीक होऊन आडवं पडतं ती मर. पानाचं दुखणं आठवडे देतं, मर एका रात्रीत अर्धा ट्रे झोपवते. जुने ट्रे धुऊन वापरा, बियाला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी) लावा, आणि एवढं करूनही एखादा खण पडला तर मातीसकट काढा.

वर्धेचा_पोट्टा, 22 मे

माझ्याकडे वीज भरवशाची नाही, म्हणून मी लाइट बंदच करत नाही. जेवढी वीज तेवढा उजेड. मागचे पंधरा दिवस मात्र वीज गेलीच नाही (आश्चर्य!) आणि टमाट्याची पानं जागोजागी पिवळी, चट्ट्याचट्ट्याची झाली. पाणी 280, आजच मोजलं. कीड नाही. शेजारची मिरची ठणठणीत. काऊन?

भिंगवाला, 22 मे

पंधरा दिवस चोवीस तास उजेड? तुमच्या टमाट्याला झोप नाही मिळाली. हे गमतीनं नाही म्हणत, टमाटा आणि वांगं यांना रोज काही तास अंधार लागतोच, नाहीतर पानं अशीच पिवळी पडतात. मिरची हे बरंच सहन करते. चौदा ते सोळा तास पुरे. गिझरला लावतात तसला टायमर लावून टाका. दिवसा दोन तास वीज गेली तर जाऊ द्या, रोप मरत नाही. भरपाई म्हणून रात्र खाऊ नका.

ट्यूब किती उंचावर आहे? वीतभर अंतर ठेवा. हातभर वर टांगली की रोप मान लांबवतं, फिकं होतं, आणि लोक त्याला खत घालत बसतात.

पूर्णाकाठ, 27 मे

नवतपा लागला. बाहेर 46. आत मात्र बातमी बरी आहे. नवं पान स्वच्छ, गर्द, कड शाबूत. सहापैकी पाच ट्रे मार्गाला लागले, वांग्याचे साठेक खण गेले तेवढे.

सहावा, तो खिडकीकडचा मिरचीचा ट्रे, सुधरत नाही. कड करपणं थांबलं, पण नवी पानंही वळूनच निघतात. घरचे म्हणतात कोकडा आला, उपटून फेक.

भिंगवाला, 27 मे

उपटण्याआधी पाच मिनिटं द्या. पांढरा कोरा कागद पानाखाली धरा आणि पानावर टिचकी मारा. कागदावर काय हललं ते पाहा. मग पान कुठल्या बाजूला वळलंय ते सांगा. कडा वर उचलून होडी झाली तर बहुधा फुलकिडे. कडा खाली वळून होडी पालथी पडली आणि देठ लांबल्यासारखा दिसला तर पिवळा कोळी. तो नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, दहापट भिंग लागतं. पान बारीक, सुरकुतलेलं आणि रोपाची वाढच खुंटलेली असेल तर तो पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू. त्याला औषध नाही, तिथं घरच्यांचं ऐका.

कोकडा, चुरडामुरडा ही नावं आपण तिन्हींना देतो. म्हणून एकाचं औषध दुसऱ्याला मारलं जातं.

पूर्णाकाठ, 28 मे

कडा वर. कागदावर पिवळट, स्वल्पविरामाएवढे बारीक जीव पळाले. पानाखाली चांदीसारखे ओरखडे आणि काळे टिपके. फुलकिडेच.

आले कुठून याचाही शोध लागला. अंगणातली दोन वर्षांची मिरचीची कुंडी उन्हानं वाळते म्हणून आईनं आत आणून त्याच खिडकीत ठेवली होती. त्या झाडाचं प्रत्येक पान होडी. आईला काही म्हटलं नाही. कुंडी संध्याकाळी बाहेर गेली.

रोपवाली_काकू, 28 मे

जुनं झाड रोपाच्या खोलीत नाही म्हणजे नाही. माह्या शेडमध्ये पाहुण्यानं कानात अबोली माळली असंल तरी दारात काढून ठेवाले लावते मी.

पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रातभर भिजव, फडक्यानं गाळ, साबणाचं पाणी थोडं. पहिल्या दिवशी चारच रोपांवर मार, संध्याकाळी, लाइट बंद करून. पान भाजलं नाही त मग सगळ्याईवर. पाच-सहा दिवसांनी पुन्हा. अन् ट्रेच्या वर निळे चिकट कार्ड टांग, ते फुलकिड्याईले ओढतात.

उंटावरचा_शहाणा, 28 मे

मस्करी बाजूला ठेवून एक गोष्ट सांगतो, मी कुठं सांगत नसतो. हाच निंबोळी अर्क मी दोन वर्षांमागं मारला होता. पंप घरचाच, धुऱ्यावर 2,4-डी हे तणनाशक मारलेला. दोनदा विसळला होता. चौथ्या दिवशी टमाट्याचं पान दोरीसारखं पिळलं, नवी पानं तर नुसत्या शिरा. तणनाशकाचा वास लागलेला पंप कितीही धुवा, टमाटा, मिरची अन् पऱ्हाटी (कापूस) त्याले ओळखते. 800 रोपं उकिरड्यावर गेली. रोपांसाठी दीडशे रुपयांचा हातपंप वेगळा घ्या अन् त्यावर लाल रंगानं फुली मारा.

पुण्यातला_वऱ्हाडी, 30 मे

छोटी शंका. पाणी बदललं, आता सगळं छान. फक्त तळाची पहिली दोन गुळगुळीत पानं पिवळी होऊन गळताहेत.

भिंगवाला, 30 मे

ती बीजदलं. शिदोरी संपली, पिशवी टाकून दिली. चिंता नको.

रोपवाली_काकू, 8 जून

मृग लागला. पूर्णाकाठ, रोप आता बाहेर काढाची घाई करशीन, म्हणून आधीच सांगते. घरातलं पान उन्हाले अनोळखी असते. सरळ उन्हात ठेवलं त दुपारपर्यंत पांढरे, कागदासारखे चट्टे पडतात अन् तू पुन्हा इथं फोटो टाकशीन. पहिले दोन-तीन दिवस सपरीत. मग निंबाच्या सावलीत. मग सकाळचं ऊन एक तास, दोन तास, असं वाढवत जा. आठ-दहा दिवस धर. त्या दिवसांत पाणी थोडं ओढून धर, पण रोप कोमेजू देऊ नोको.

पूर्णाकाठ, 4 जुलै

परवा पाऊस चांगला झाला, काल लावणी केली. मिरचीची दोनशेच्या वर रोपं वावरात उभी आहेत. फुलकिड्याच्या ट्रेतलीही निम्मी धरून. मिठात सापडलेल्या रोपांची खालची दोन-तीन पानं अजून कडेनं तपकिरीच आहेत, बांधावरून ओळखू येतात. काकू, भिंगवाला, शहाणे भाऊ, हिरव्या मिरचीचा पहिला तोडा तुमचा.

धानपट्टा, 4 जुलै

अभिनंदन! फोड गेले माझेही. एक राहिलं, कूलरच्या टाकीतलं पाणी मग काढून टाकायचं कुठं? परसातल्या सांबारात (कोथिंबिरीत हो)?

पूर्णाकाठ, 4 जुलै

सांबारात नका. आई अंगणात सड्याला घ्यायची. वाळलं की दारापासून रस्त्यापर्यंत पांढरा पट्टा उमटायचा, शेजारीण विचारायची, रांगोळी एवढी लांब काऊन काढली?